माझी सुई आणि तांबरमचं घर

मुलांच्या वॉर्डात मी पाऊल टाकलं की पहिल्या खाटेवर रडणं सुरू व्हायचं आणि बघता बघता शेवटच्या खाटेपर्यंत पोचायचं. ज्याला टोचायचं ते रडायचं, ज्याला टोचायचं नाही तेही रडायचं. वॉर्डच्या सिस्टरबाईंनी मला एकदा हात जोडून सांगितलं, की डॉक्टर, मुलांच्या जेवणाच्या वेळी तेवढे येऊ नका, घास तोंडातच राहतो. तेव्हापासून मुलं जेवत असली की मी मागच्या अंगणात चिंचेखाली उभा राहून कॉफी पीत असे. संपादकांनी 'तुमचे अनुभव लिहा' असा आग्रह केला खरा, पण ज्याला पाहून लोक पळतात त्याला अनुभव येतात ते बहुतेक लोकांच्या पाठींचे. तेवढी सवलत वाचकांनी द्यावी.

मी मूळचा साताऱ्याकडचा. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस वर्षभर शिकायला म्हणून मद्रासला गेलो आणि एका सरकारी इस्पितळात चिकटलो तो चिकटलोच. लग्न केलेलं नव्हतं. तिरुवल्लिकेणीत, म्हणजे इंग्रज ज्याला ट्रिप्लिकेन म्हणत त्या भागात, एका माडीवर खोली होती. खाली खानावळ होती. खानावळवाला माझ्याशी खुणांनी बोले आणि मी त्याच्याशी. पुढे मला तमिळ येऊ लागलं तरी आमची खुणांची सवय मोडली नाही. बोलायला सुरुवात केली असती तर दोघांनाही अवघडल्यासारखं झालं असतं.

माझं काम काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्या अंगात रक्ताखेरीज आणखी एक पाणी फिरत असतं. त्याला लसिका म्हणतात. त्याच्याही बारीक नळ्या असतात. काही मुलं जन्मतात तेव्हा या नळ्यांचं जाळं कुठेतरी नीट जुळलेलं नसतं. पाणी पुढे जात नाही, तिथेच साचतं आणि गाठ होते. बहुतेक वेळा मानेत, कधी काखेत. दुखत नाही, हाताला मऊ लागते. पण सर्दीपडसं झालं की ती फुगते, आणि मानेत जागा किती असते? गाठ वाढली की श्वासनळीला कोपर मारते. म्हणून तिला सोडून देता येत नसे.

ओळखायची रीत सोपी होती. खोलीत अंधार करायचा आणि गाठीला मागून टॉर्च लावायचा. आत नुसतं पाणी असलं तर गाठ आतून लालसर उजळून निघे. मुलांना त्याची मोठी गंमत वाटे. स्वतःचीच मान दिव्यासारखी पेटलेली आरशात पाहून ती खिदळत. माझी लोकप्रियता तेवढ्या दोन मिनिटांचीच होती.

इलाज दोन. एक सुरीचा, एक सुईचा. आमचे मोठे साहेब सुरीचे. हात देवाने घडवलेला, पण या गाठीला कड नसते. ती नसांच्या मधून, चेहऱ्याच्या शिरेच्या आजूबाजूने पसरलेली असते. गाठ निघते आणि पोराचा ओठ जन्मभर वाकडा होतो, असंही होई. म्हणून काही मुलांना सुई. सुईने आतलं पाणी ओढून घ्यायचं आणि त्याच वाटेने थोडं औषध आत सोडायचं. त्या काळी आमच्याकडे जे औषध होतं ते कॉड माशाच्या यकृताच्या तेलापासून केलेलं होतं. ते आतल्या भिंतींना चिडवतं. भिंती चिडल्या की सुजतात, सुजल्या की एकमेकींना चिकटतात, आणि चिकटल्या की पाण्याला जागा उरत नाही. भांडणातून सोयरीक म्हणतात तसलाच प्रकार. मात्र त्यात एक मेख होती. गाठ उतरण्याआधी वाढायची. ताप यायचा, मान लाल व्हायची, आणि घरच्यांना वाटायचं, या डॉक्टरने होतं तेही बिघडवलं.

मोठे साहेब मला 'सुईवाला' म्हणत. त्यांच्या मते ज्याला सुरीची भीती वाटते तो सुई धरतो. मी वाद घालत नसे. खरं सांगायचं तर सुईचं माझं यश काही छाती फुगवण्याजोगं नव्हतं. गाठीत मोठे मोठे कप्पे असले तर गुण येई. बारीक बारीक कप्पे असले, विशेषतः जिभेखाली, तर दगडावर पाणी.

रॉयपुरमच्या कोळीवाड्यातला सेल्वम हा असा दगडावरचा. त्याच्या जिभेखालची गाठ माझ्या कुठल्याही औषधाला बधली नाही. वर्षानुवर्षं तो येत राहिला. इतका आला की त्याची भीती पार मेली. येताना खिशातून शिंपले आणायचा आणि माझ्या टेबलावर मांडून बसायचा. साऱ्या वॉर्डात मला न भिणारं मूल तेवढं एक. बरी झालेली मुलं परत येत नाहीत, यावं तरी का? ज्यांना मी बरं करू शकलो नाही तीच माझ्या ओळखीची राहिली. हे कळायला मला काही वर्षं लागली आणि कळल्यावर बरं वाटलं नाही.

कन्नम्मा ही आमची आया. मुलाला चादरीत गुंडाळून धरायचं काम तिचं. मी टोचलं की ती त्याला उचलून पदराखाली घ्यायची आणि माझ्याकडे बोट दाखवून त्या मुलासमोर मला चार शिव्या द्यायची. मूल शांत व्हायचं. सुई माझी आणि मांडी तिची, अशी आमची वाटणी होती. तमिळही तिनेच शिकवलं. त्यातलं पहिलं पूर्ण वाक्य होतं, 'उंग तप्पु इल्ले.' म्हणजे, तुमची चूक नाही. गाठ घेऊन जन्मलेल्या मुलाच्या आईला घरात एकच गोष्ट ऐकवलेली असे, की ग्रहणात बाहेर पडली असशील, नाहीतर नको ते खाल्लं असशील. कन्नम्मा म्हणाली, डॉक्टर, औषध नंतर द्या, आधी हे वाक्य बोला, आणि सासू समोर असताना बोला. मी बोलत असे. माझ्या सुईपेक्षा त्या वाक्याने जास्त लोकांना बरं वाटलं असेल.

आता तांबरमच्या घराकडे येतो.

एके दिवशी बाहेरच्या खोलीत रांग लागलेली होती आणि मी मान खाली घालून कागद लिहीत होतो. समोर कोणीतरी म्हाताऱ्या बाई आपल्या सुनेला म्हणाल्या, "त्या डाक्टरास घाम किती येतो अहे, पाहिलीस की? पावम्‌." पावम्‌ म्हणजे बिचारा. मी वर पाहिलं. कित्येक महिन्यांत कानावर न पडलेली मराठी, आणि तीही माझी कीव करणारी.

"आजी, तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"आम्ही तंजावरचे. तुम्ही?"

"साताऱ्याचा."

त्या माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. तीनशे वर्षांपूर्वी त्यांच्या घराण्यातलं कोणी तिकडून निघालं होतं. त्यानंतर तिकडचा माणूस त्या बहुधा प्रथमच पाहत होत्या. "साताऱ्यांत लोक अजून अहेत?" असं त्यांनी विचारलं, ते थट्टेने नव्हे.

त्यांचा मुलगा सेतुमाधवराव रेल्वेच्या कचेरीत कारकून होता आणि मद्रासबाहेरच्या तांबरमला राहत होता. सुनेचं नाव तुळसाबाई. आणि नात अंबुजा, चार वर्षांची. अंबूच्या मानेच्या डाव्या बाजूला कवठाएवढी गाठ होती. टॉर्च लावला तर सगळी उजळली. मोठे कप्पे, सुईला अनुकूल. मोठ्या साहेबांनी तपासलं आणि म्हणाले, गाठ चेहऱ्याच्या शिरेला लागून आहे, मी कापली तर ओठाची खात्री देत नाही. पोरगी सुईवाल्याला द्या.

मी सगळं मराठीत समजावलं. आजींनी विचारलं, औषध कशाचं? खोटं बोलवेना. माशाच्या तेलाचं, म्हणालो. घर सोवळ्याचं. तुळसाबाईंनी सासूकडे पाहिलं. आजींनी बराच विचार केला आणि विचारलं, "पोटांत जात नाही की?"

"नाही. मानेतच राहतं."

"सेरी," आजी म्हणाल्या. म्हणजे, ठीक आहे. शास्त्रार्थ तिथेच संपला.

मग त्यांनी मला रविवारी जेवायला बोलावलं. मी गेलो. आता वाटतं, जायला नको होतं. पण तेव्हा कोणी सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं. तांबरमच्या एका गल्लीत एकाला एक लागून असलेल्या कौलारू घरांपैकी ते एक. पुढे तिण्णै, म्हणजे आपला ओटा. आत पाट मांडलेला, पान वाढलेलं, आणि सभोवती मराठी. जुनी, तमिळ हेल काढणारी, मधेच माझ्या पणजीच्या तोंडचे शब्द येणारी, पण मराठीच. मी बोललो की ती माणसं एकमेकांकडे बघून हसत, कारण त्यांना माझंच बोलणं विचित्र वाटे. जेवण झाल्यावर अंबू माझ्या मांडीवर येऊन बसली. माझी मिशी त्या काळी चांगली भरदार होती. ती ओढून पाहिली. "खरी अहे," असं तिने आजीला सांगितलं. मी संध्याकाळपर्यंत तिथून हललो नाही. पुढच्या रविवारी गेलो, त्याच्या पुढच्याही.

आणि त्यानंतरच्या आठवड्यात तिला टोचायची पाळी आली.

दुसरं कोणी ते काम करत नव्हतं. मी तोंडावर फडकं बांधलं, टोपी घातली, मिशी झाकली. कन्नम्माने तिला चादरीत गुंडाळलं होतं. अंबूने मला ओळखलं नव्हतं. सुई लावताना ती वळवळली आणि सवयीने माझ्या तोंडून गेलं, "हलू नको बाळ." त्या खोलीत तिच्या भाषेत बोलणारा माणूस एकच असू शकत होता. तिने रडणं थांबवून माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि मग जी किंकाळी फोडली तशी मी त्या वॉर्डात ऐकली नव्हती. इतर मुलांना परका माणूस टोचत होता. हिला मांडीवर घेणाऱ्याने टोचलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी मी गेलो तेव्हा दारातूनच परत फिरलो. मला पाहताच ती आतल्या खोलीत पळाली आणि धान्याच्या डब्यामागे जाऊन बसली. पूच्चांडी, पूच्चांडी, एवढंच म्हणत होती. तमिळमध्ये बागुलबुवाला पूच्चांडी म्हणतात. सेतुमाधवराव अगदी ओशाळले. "लहान अहे, विसरेल," असं म्हणत स्टेशनापर्यंत सोडायला आले. मीही म्हटलं, विसरेल. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, की अजून टोचायचं बाकी आहे.

दुसऱ्या वेळी औषध थोडं जास्त घातलं, कारण पहिल्याने गाठ अर्धीच बसली होती. या वेळी सूज मोठी येणार हे मला माहीत होतं. घरी पाठवताना मी आजींना आणि तुळसाबाईंना बसवून सांगितलं, की मान फुगेल, लाल होईल, तापही येईल, घाबरू नका. गालगुंड होतं तसं दिसेल. गालगुंड हा शब्द त्यांना कळेना. मी दोन्ही हात गालाखाली धरून दाखवलं. कन्नम्मा शेजारीच होती, ती म्हणाली, "पोन्नुक्कु वींगी मादिरी." त्या रोगासारखं. "असं होय," म्हणून आजींनी मान डोलावली. मला वाटलं, नेमका दाखला सापडला. श्वासाचा आवाज आला तर मात्र लगेच या, असंही सांगितलं. पण जे आधी सांगितलं तेच त्यांच्या लक्षात राहिलं.

ठरल्या दिवशी त्या अंबूला दाखवायला आल्या नाहीत. मी वाट पाहिली. एक दिवस, दोन दिवस. निरोप पाठवायची सोय नव्हती. रविवारी सकाळी तांबरमची गाडी धरली. पोरगी ओरडेल, ओरडू दे, बाहेरूनच विचारून येऊ, असं मनाशी म्हणत गेलो.

दाराला कडुलिंबाचा डहाळा लावलेला होता. सेतुमाधवराव बाहेर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही सांगितलें तसें असकें करतों अहों. सोनें घातलें. बाहेर काढलें नाही. सुई-औषध कांही नाही."

असकें म्हणजे सगळं, एवढं कळलं; बाकी मला काही उमगेना. आत डोकावलो. अंबू चटईवर उशांना टेकून बसली होती. मान गालाच्या वरपर्यंत फुगलेली, आणि त्या मानेभोवती सोन्याची साखळी, दोन वेढे, सुजेत रुतलेली. श्वास घेताना बारीक शीळ वाजत होती.

त्या मुलखात गालगुंड झालं की मुलाच्या गळ्यात सोनं घालतात. सोनं लागलं की सूज उतरते असं मानतात, आणि सूज पूर्ण उतरेपर्यंत ते काढत नाहीत. मुलाला घराबाहेर नेत नाहीत, सुई-औषध देत नाहीत, आणि दाराला कडुलिंब लावतात. तुळसाबाईंनी आपलं मंगळसूत्र हळदीच्या दोऱ्यात ओवून घेतलं होतं आणि स्वतःची लग्नातली साखळी मुलीच्या गळ्यात घातली होती. घरात दुसरं सोनं नव्हतं. त्यांनी डॉक्टरचं ऐकलं होतं. डॉक्टरने ज्या रोगाचं नाव घेतलं त्या रोगाचा उपचार त्यांनी मनोभावे केला होता. मलाच ती रीत ठाऊक नव्हती.

मी दाराआड उभं राहूनच म्हटलं, "साखळी आधी काढा."

"सूज असतां सोनें काढलें तर चढते की," आजी म्हणाल्या. घाबरल्या त्याही होत्या.

"आजी, हा तो रोग नाही. मी नुसता दाखला दिला होता. दाखला चुकला माझा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सुनेकडे बघितलं. मग स्वतः पुढे होऊन, नातीच्या मानेत बोटं घालून, साखळीची मळसूत्री फिरकी उघडली. बराच वेळ लागला. वेढे सुटले तेव्हा मानेवर दोन खोल वळ उमटलेले होते, पण शीळ थांबली नव्हती. सूज आतही होती. तिला इस्पितळात नेणं भाग होतं आणि त्या वेळी गल्लीत टॅक्सी मिळणं शक्य नव्हतं. गाडी हाच मार्ग.

आता अडचण समजून घ्या. अशा मुलाला रडू द्यायचं नसतं. रडलं की सूज आणखी चढते, श्वास आणखी कोंडतो. आणि तिला रडवायला मी नुसता दिसलो तरी पुरे होतं. जवळ एकच डॉक्टर होता आणि त्याने जवळ यायचं नव्हतं.

तुळसाबाई अंबूला घेऊन बाकावर बसल्या, आजी शेजारी. मी त्यांच्या मागच्या बाकावर, त्यांच्या पाठीला पाठ लावून. मधे लाकडी फळी. फळीला डोकं टेकून मी तिचा श्वास ऐकत बसलो. काही दिसत नव्हतं. प्रत्येक स्टेशनावर गाडी थांबली की आवाज स्पष्ट ऐकू यायचा, सुटली की चाकांच्या खडखडाटात बुडून जायचा. बुडाला की मी मनात म्हणायचो, पुढच्या स्टेशनावर ऐकू येऊ दे. खिशात निर्जंतुक करून गुंडाळलेली सुई नेहमी ठेवत असे, ती मुठीत धरली होती. वेळ आलीच तर वळायचं, तिथेच टोचून पाणी काढायचं, मग ती कितीही ओरडो. शेवटच्या टप्प्यात शीळ एकाएकी ऐकू येईनाशी झाली. मी वळणारच होतो. फळीवर आजींनी बोटाने दोनदा टकटक केलं आणि मोठ्याने, जणू सुनेला, म्हणाल्या, "झोंपली अहे. श्वास बरा अहे. मागें पाहूं नक्को." आयुष्यात मला इतकी माहिती इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी दिली नाही.

इस्पितळात मोठे साहेब स्वतः आले. रविवार असून आले, हे नोंदवून ठेवतो. अंबूला थोडी भूल दिली आणि सुई मीच घातली. लालसर पाणी निघालं, सूज सैल पडली, शीळ गेली. साहेबांनी तिच्या मानेवरचे साखळीचे वळ पाहिले, माझ्याकडे पाहिलं. जाताना फक्त म्हणाले, "सुईवाला, आता जेवून घे."

पुढच्या काही आठवड्यांत गाठ उतरत उतरत गेली. औषधाने भिंती चिकटवल्या होत्या. मान सरळ झाली. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. फक्त त्या घरी जाणं संपलं. मला पाहिलं की अंबूला थरकाप सुटे, रात्री झोपेत ओरडे. मग कोण बोलावील? मी तरी कोणत्या तोंडाने जाऊ? कन्नम्मा म्हणाली, मिशी काढा, मुलं मिशीला भितात. मी काढली. वॉर्डात काही फरक पडला नाही. आरशात मात्र मीच मला परका दिसू लागलो.

पण गाठ पुन्हा भरते की काय हे अधूनमधून बघावं लागतं. त्यावर आजींनी तोडगा काढला. त्यांच्या घरासमोर गोळीच्या सोड्याचं दुकान होतं. मी रविवारी तिथे उभं राहायचं. आजी नातीला तिण्णैवर घेऊन बसायच्या, तिचं तोंड घराकडे करून. वेणी घालता घालता डाव्या बाजूचे केस वर उचलून धरायच्या. मी सोडा पीत मान बघायचो आणि डोकं हलवायचो. आजी केस खाली सोडायच्या. अशी तपासणी कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. सोडावाल्याकडे आजींनी माझ्या नावाचा जेवणाचा डबा ठेवलेला असायचा. तो मी परतीच्या गाडीत बसून खायचो.

दोन-तीन खेपांतच मला कळून चुकलं होतं, की गाठ पुन्हा येणार नाही. तरी मी जात राहिलो. तसं बघायला काही उरलं नव्हतं. आजींनाही ते कळलं असावं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या केस उचलत राहिल्या.

अशी दोनेक वर्षं गेली असतील. मला पुढून टक्कल पडू लागलं होतं. एका रविवारी ऊन फार होतं. वेणी घालून झाली आणि आजींनी रस्त्यापलीकडून सरळ हाक मारली, "उन्हांत कशाला उभे? वर या." अंबू वळून बघत होती. आजी तिला म्हणाल्या, "साताऱ्याचे मामा अहेत. आपल्या गांवचे."

मी तिण्णैच्या टोकावर बसलो. तोंड उघडायची भीती वाटत होती, कारण माझा आवाज तिने एकदा ओळखला होता. तिने पाणी आणून दिलं. पाणी पिऊन मी शेवटी म्हटलं, "शाळेत जातेस का?" आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. ती हसली. "मामा रेडिओसारखे बोलतात," असं आजीला म्हणाली. बाकी काही नाही. आपल्याकडे म्हण आहे, कामापुरता मामा. माझं उलटंच झालं. काम संपल्यावर मी मामा झालो.

तेव्हापासून रविवारचं जेवण पुन्हा सुरू झालं. मी बोलावं, तिने माझ्या बोलण्याला हसावं. घरात त्या विषयावर कोणीही शब्द काढत नसे, ना सेतुमाधवराव ना तुळसाबाई. मीही तिच्या मानेकडे बघायचं नाही अशी शिस्त लावून घेतली. डॉक्टरला ते सोपं नसतं.

ती दहा-अकरा वर्षांची असतानाची एक संध्याकाळ सांगतो आणि थांबतो. आजी फुलं ओवत होत्या. अंबू माझ्यासमोर पाय हलवत बसली होती. मधेच म्हणाली, "मामा, मज लहानपणीं एक पूच्चांडी डाक्टर होता. मानेंत सुई टोंचायचा. तुम्हांस ठाऊक अहे?"

आजींचे हात थांबले.

"नाही बुवा," मी म्हटलं.

"इतक्या मोठ्या मिशा होत्या. आधी घरीं येऊन खेळायचा, मग टोंचायचा. तुम्ही इथें असते तर त्यास मारलें असतें की?"

"मारलं असतं."

"चांगलें मारलें असतें?"

"चांगलं मारलं असतं," मी म्हटलं.

तिचं समाधान झालं. ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली.